फळ्यावरची खिचडी

३ एप्रिल, नांदेड

दिवाळीनंतर इथे एक अक्षर नाही. माफी वहीची मागायची की स्वतःची, ठरत नाही, पण मागते. दादाच्या पोटातली गाठ कळली त्या दिवसापासून हात लागत नव्हता. लिहिलं की खरं होईल अशी भीती. जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईला न शोभणारी.

आज लिहायला बसले, कारण आज लिहिण्यासारखं आहे. दुपारी हैदराबादच्या हॉस्पि.मधून डॉ. श्रीलतांचा फोन आला. दादाच्या गाठीचा तुकडा तपासला, पेशींवर त्यांना हवी होती ती खूण सापडली. भरपूर आहे म्हणाल्या. म्हणजे नव्या पेशी-उपचाराच्या चाचणीत दादाला घेता येईल.

पुढचा तास नेमका प्रतिकारक्षमतेचा. टी-पेशींचा तो परिच्छेद वर्षानुवर्षं त्याच चढउतारात म्हणत आलेय. आज तो अर्ध्यात सोडला. मुलांना सांगितलं, आता माणसाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना गाठ ओळखायला शिकवून परत सोडतात. शेवटच्या बाकावरून : "मॅडम, हे सिलॅबसमध्ये आहे?" नाही म्हटलं. सगळी पेनं खाली.

तरी मी पूर्ण तास तेच सांगितलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे. आनंद झाला तो दादासाठी किती, नि त्या परिच्छेदासाठी किती?

६ एप्रिल, लातूर

सकाळच्या गाडीने आले. अहमदपूरपर्यंत उभी.

दादाची खानावळ नेहमीसारखी गजबजलेली. क्लासची पोरं ताटात पुस्तक टेकवून जेवतात. दारातल्या फळ्यावर दादाच्या वळणदार अक्षरात : आज येसराची आमटी, भाकरी, शेपू, ताक. दोन्ही वेळचा फळा अजून तोच लिहितो. स्वतः मात्र वाटीभर पेजेवर. स्टूल घेऊन मुदपाकाच्या दारात बसतो, वास घेतो आणि मीठ कमी आहे म्हणतो. वहिनी चाखून बघतात. कमीच असतं.

दोन प्रकारची केमो झाली. यकृतावरचे डाग तरी वाढलेच. हे सगळं त्याला माहीत आहे. मी वर्गात सांगते तसं नवं प्रकरण समजावलं : तुझ्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत न्यायच्या, गाठ ओळखायचं एक नवं अंग त्यांना द्यायचं, वाढवायच्या, परत तुझ्यात सोडायच्या.

ऐकून म्हणाला, "म्हंजे आपलेच पोरं घरून न्यायचे, क्लास लावायचा आन् तयार करून परत पाठवायचे."

"हाव," म्हटलं. इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं.

मी निघताना धपाटे बांधून देत वहिनी म्हणाल्या, "ताई, तुमच्या डोळ्यात लई चमक आली आज. मला भ्या वाटतं त्याचं."

बसमध्ये तेच वाक्य डोक्यात.

११ एप्रिल, हैदराबाद

डॉ. श्रीलता माझ्याहून लहान. फार स्पष्ट. हिंदीत दोनदा सांगितलं, एकदा मला, एकदा फक्त दादाला. ही पहिल्या टप्प्याची चाचणी आहे. पोटाच्या, आतड्याच्या गाठींवर हे अजून फार थोड्या लोकांत करून पाहिलंय. मुख्य प्रश्न हा की हे झेपतं का आणि किती मात्रा द्यावी. गुण येईल असं वचन नाही. उलट जिवावर बेतू शकतं.

दादाने हिंदीत उत्तर दिलं, त्याचं निजामी हिंदी. "मतलब मॅडम, बडी डेग में से पहिला चमचा. नमक बराबर हय क्या देखने का."

त्या म्हणाल्या, बिलकुल वही.

"फिर तो मेरा धंदाच हय वो," दादा म्हणाला आणि सही केली.

मी भाषांतर करायला गेले होते. गरज पडली नाही. पण आधी घरी मी ज्या सुरात सांगितलं त्या सुरानेच तो इथवर आला ना? विचारलं त्याला लिफ्टमध्ये. "सरे, तू लहानपणापासून असंच करतीस. आधी ढकलतीस आन् मंग इचारतीस, ढकललं का म्हणून. मी स्वताच्या पायाने आलो."

१५ एप्रिल, हैदराबाद

आज पेशी काढल्या. एका हातातून रक्त यंत्रात, दुसऱ्या हातात परत. यंत्र सगळा वेळ फिरत होतं आणि वर टांगलेल्या लहानशा पिशवीत फिकट, गढूळ गुलाबी काहीतरी साचत होतं. मी त्या पिशवीवरून नजर काढू शकले नाही. पुस्तकात ते जांभळे गोल असतात, बाण काढलेले. इथे दादाचे होते.

"काय बघून राहिली?" दादा.

"तुझी पोरं."

"क्लासला निघाली म्हन. डबा दिला का संगं?"

सिस्टरला मराठी येत नाही, पण आम्ही हसतो म्हणून तीही हसली. सिस्टर अन्नम्मा, केरळची, पुढेही हीच असणार म्हणे.

२ मे, नांदेड

पेशी तयार होतायत. त्यात काही आठवडे जातात. रोज फोन करायचा मोह होतो, करत नाही. आज डॉ. श्रीलतांचाच आला. वाढ चांगली आहे, तपासण्यांत पास.

पास. मी हा शब्द रोज किती वेळा ऐकते. आज खुर्चीतच बसून राहिले. नवऱ्याला ऑफिसात फोन केला तर तो म्हणाला, "हळू बोल, रडतेयस की हसतेयस ते कळत नाही."

नीटची परीक्षा तोंडावर. मुलांची तोंडं एवढीएवढी झालीत. मी मात्र उड्या मारतेय. बरं दिसत नाही.

९ मे, हैदराबाद

दादा दाखल. आधी तीन दिवस हलकी केमो, नव्या पेशींना जागा करायला. वहिनींना यायचं होतं, पण निकालाआधीच नवी पोरं चौकशीला येतात, खानावळ कुणावर सोडणार. मला सुट्टी, म्हणून मी.

खोली पाचव्या मजल्यावर. दादाने आल्या आल्या पलंग दाराजवळ सरकवून मागितला. चपला पलंगाखाली, तोंड दाराकडे करून. ९३च्या भूकंपात रात्री भांडी वाजली, तेव्हापासून तो असाच झोपतो. आम्ही सगळेच त्यानंतर काही दिवस उघड्यावर झोपलो, मग आत आलो. तो आत आला, पण दारापर्यंतच.

सिस्टरला काय सांगणार. "उनकी आदत है," म्हटलं. तिने पलंग सरकवला.

१३ मे

आज सोडल्या. एवढीशी पिशवी, गोठवलेली, वाफा सोडत आली. कोमट पाण्यात वितळवली. मग नळीतून आत. मी प्रश्नपत्रिका वाटते तेवढ्या वेळात संपलं.

दादा : "झालं? मला वाटलं लई कायतरी हुईल."

डॉ. श्रीलतांनी पुढचं सांगितलं. पेशी कामाला लागल्या की ताप येईल, बी.पी. पडेल. कधीकधी त्याचा परिणाम मेंदूवर होतो, माणूस गोंधळतो, बोलणं अडतं. ते लवकर पकडायचं असतं. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ दहा गुणांचे प्रश्न. कोणतं साल, कोणता महिना, कोणतं गाव, कोणतं हॉस्पि., तीन वस्तूंची नावं, एक सूचना पाळणं, शंभरपासून दहादहाने उलटे अंक आणि एक वाक्य लिहायचं. गुण घसरले तर स्टेरॉइड. पण स्टेरॉइड पेशींनाही खाली बसवू शकतं, म्हणून विनाकारण देत नाहीत.

ते शेवटचं वाक्य माझ्या मनात रुतलं.

वाक्य काय लिहू, दादाने विचारलं. काहीही, रोज लिहिता तसं. त्याने कागद घेतला आणि लिहिलं : आज मुगाची उसळ, भाकरी, कांद्याची पात, कढी.

मी फोटो काढून वहिनींना पाठवला. वहिनींनी तेच फळ्यावर लिहिलं आणि तेच शिजवलं.

१४ मे

दहापैकी दहा. सकाळी उलटे अंक म्हणताना चाळीसवर थोडा अडखळला होता. नुसता अशक्तपणा. मग दुपारी आम्ही तयारी केली. सिस्टर नेहमी त्याच क्रमाने विचारते. वस्तूही त्याच : घड्याळ, पेन, चष्मा. चार-पाच फेऱ्या घेतल्या. उलटे अंक पाढ्यासारखे पाठ करून घेतले. संध्याकाळी फटाफट, न अडता. सिस्टर : "बहुत होशियार."

दादा खुश. "बारावीला तू अशी मास्तरीण असती तर मी डॉक्टर झालो असतो."

फळा : पिठलं, भाकरी, ठेचा.

१६ मे

ताप. चढत गेला, थंडी वाजून. दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. मला आतून उकळ्या फुटत होत्या. डॉ. म्हणाल्या, पेशी जाग्या झाल्याचं लक्षण असू शकतं. तापमानाचा कागद मी परीक्षेच्या निकालासारखा बघत होते.

दादा गोधडी मागत होता. इथे गोधडी कुठली. माझी शाल दिली. त्याचे दात वाजत होते आणि मला आनंद होत होता, हे इथे लिहून ठेवते. दुसरीकडे कुठे लिहिणार.

तापातही दहापैकी दहा. फळ्यावर फक्त : वरणभात. अक्षर किंचित उतरतं.

१८ मे

सविस्तर लिहायचंय, कारण मला नंतर स्वतःला फसवता येऊ नये.

सकाळी ताप उतरलेला. दादा शांत, जरा जास्तच शांत. सिस्टर प्रश्न घ्यायला आली. साल, महिना बरोबर. गावाचा प्रश्न तिच्या तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत "हैदराबाद". तिने घड्याळाला बोट लावलं तर हा एका दमात : "घड्याळ, पेन, चष्मा." तिचं बोट अजून घड्याळावरच. ती हसली. उलटे अंक घडघडीत. वाक्य लिहिलं, सरळ ओळीत, सुरेख अक्षरात. दहापैकी दहा.

मी सवयीने फोटो काढला, वहिनींना पाठवला आणि मग वाचलं.

आज खिचडी. सगळ्यांनी आपापली ताटली आणावी.

खानावळीत ताटं आमची असतात. ताटली कुणाला आणायला सांगत नाही. हे वाक्य पत्र्याच्या शेडमधलं आहे. भूकंपानंतर आमचं गाव शेडमध्ये होतं तेव्हा दादा मदतीच्या मुदपाकात होता. तिथेच तो शेकडो माणसांचं शिजवायला शिकला. दारावर पत्र्याचा तुकडा टांगून कोळशाने तो रोज हेच लिहायचा. मी नववीत होते, ताटली घेऊन रांगेत.

मला कळलं. लगेच कळलं. दादा इथे नव्हता. आणि दहा गुण माझे होते, त्याचे नव्हते.

आणि मी काय केलं, तर खाली जाऊन चहा घेतला. मनाशी हिशोब : एक वाक्य तर आहे. आठवण आली असेल. सांगितलं की स्टेरॉइड देतील, स्टेरॉइडने पेशी बसतील, आत्ताच तर कामाला लागल्यात. चहा अर्धा झाला.

वहिनींचा फोन. "ताई, हे काय पाठवलं? यांना बरं हाय ना? हे शेडातलं हाय." वहिनींचं गाव पलीकडच्या शेडमध्ये होतं, त्याही त्याच रांगेत असायच्या. "मी फळ्यावर लिहिलं न्हाई. माझा हात चालंना. तुम्ही डॉक्टरला सांगितलं का?"

"सांगते."

"आजून न्हाई सांगितलं?"

जिना चढून पाचव्या मजल्यापर्यंत गेले. लिफ्टची वाट बघवली नाही.

डॉ. श्रीलतांना सगळं सांगितलं. पाठांतरासकट. त्या तडक आत गेल्या. दादाला विचारलं, काका, हा कोणता मजला? काही नाही. टेबलावरची पाण्याची बाटली दाखवली. दादा बघत राहिला, मग म्हणाला, "चष्मा." सत्तरमधून सात काढायला सांगितले. तो दाराकडे बघून मला हळूच म्हणाला, "सरे, भांडे वाजून राहिले. भाईर चल."

स्टेरॉइड सुरू केलं.

१९ मे

दादा झोपून. हाक मारली तर डोळे उघडतो, हात दाबतो. सिस्टर दर थोड्या वेळाने येते. प्रश्नांच्या वेळी मी खोलीबाहेर उभं राहायचं, असा डॉ.चा आदेश. परीक्षा केंद्राच्या गेटबाहेर पालक उन्हात उभे असतात, तशी उभी राहते. त्यांच्याकडे बघून मी नेहमी मनात म्हणायची, आता इथे थांबून काय उपयोग. उपयोग नसतो. तरी पाय हलत नाहीत.

विचारलं, मी पेशी मारल्या का? म्हणाल्या, स्टेरॉइडने काम थांबतंच असं नाही. थांबत नाही असंही नाही. इतकी कमी माणसं झालीत की आत्ता कुणी ठामपणे सांगू शकत नाही. "पण काल सांगितलं नसतं, तर कदाचित विचारायला ते राहिलेच नसते."

मग मला विचारलं, शिकवता ना तुम्ही? काय?

नीटचा क्लास घेते म्हटलं. नांदेडला.

हसल्या. काल सकाळपासून पहिल्यांदा. "मॅडम, आपने तो पेपर ही लीक कर दिया."

लाज वाटली आणि हसूही आलं. वहिनींना फोनवर सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. "चुकीचं केलं, पन कौतुकानं केलं," म्हणाल्या. हे मला हॉस्पि.तल्या कुणाच्याही बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

२१ मे

सकाळी बाहेर उभी होते. आतून दादाचा आवाज, दमलेला पण चिडका : "रोज रोज नवीन इचारता. कालचं कामून न्हाई इचारलं?"

परत आला.

सिस्टर कागद घेऊन बाहेर आली. आठ गुण. मला हे आठ आधीच्या दहांपेक्षा गोड लागले. वाक्य : आज चवळी, भाकरी. अक्षर वाकडंतिकडं, चवळीतला ळ पार घसरलेला. वहिनींना फोटो पाठवला. त्यांनी अख्ख्या वाक्याचा फळा केला आणि उलट फोटो पाठवला. मागे पोरं रांगेत.

दादाला विचारलं, शेडमधलं काय आठवतंय? "काय शेड?" म्हणाला. बरं झालं.

२८ मे

हॉस्पि.समोरच्या गल्लीत खोली घेतली. महिनाभर जवळच राहायचं म्हणे. स्टेरॉइड उतरवत आणलं, परवा बंद होईल. पलंग दाराजवळ, चपला खाली. घरमालकीण तेलुगू, दादाशी तिचं कसं जमतं कळत नाही, दोघं मसाल्याबद्दल भांडत असतात.

सुट्टी संपली, वर्ग बुडतायत. मुलांचे मेसेज : मॅडम, कधी येता? एकाने विचारलंय, त्या पेशींचं पुढे काय झालं. शेवटच्या बाकावरचा तोच. मी त्याला लिहिलं, अजून चालू आहे.

६ जून

दोन दिवस गप्प बसले होते, आज लिहिते. दादाला भूक लागतेय.

परवा पेज संपवून वाटी पुढे केली. काल पुन्हा. आज उठल्याबरोबर म्हणाला, "पोटात कोकलून राहिलं." हा शब्द त्याच्या तोंडून मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. सिस्टर आता प्रश्न घेत नाही, पण दादा रोज वाक्य लिहितोच, वहिनी वाट बघतात म्हणून. आजचं : ज्वारीची भाकरी, शेपू, शेंगांची चटणी, ताक. मग ओळ सोडून, खाली बारीक अक्षरात : मला पण.

वहिनींनी फळ्यावर 'मला पण'सकट लिहिलं. पोरं विचारत होती म्हणे, मावशी, हे कोण? मग वहिनींनी विचारलं, "ताई, खरंच मागितली का त्यांनी? का तुम्ही सांगितलं लिव्हायला?"

"नाही हो. मी खोलीत नव्हते."

डॉ. श्रीलतांना विचारलं. स्टेरॉइडने भूक लागते, ती काही दिवस मागे रेंगाळू शकते. गाठ आक्रसत असेल तरीही लागेल. दोन्ही असेल. सोमवारी स्कॅन आहे, तोवर काही म्हणू नका. भाकरी चालेल का? आमटीत चांगली कुस्करून, थोडी, हळू.

नीटच्या पेपरासारखे पर्याय समोर आहेत आणि माझं बोट सारखं 'गाठ आक्रसतेय' याच गोलाकडे जातंय. तो काळा करणार नाही. सोमवारपर्यंत नाही. पण पेन हातात आहे, हे कबूल.

दादा आत्ता घरमालकिणीला विचारतोय, इथे ज्वारीला काय म्हणतात. जोन्न, ती म्हणाली. तो तीनदा घोकतोय. मी शिकवलेलं नाही.

उद्या : जोन्न पीठ आणणे, ताजं दळलेलं.